पाटावरचा लॅपटॉप

नव्या नोकरीत मी सगळ्यात जास्त गोंधळले ती या गोष्टीने, की इथं कुणी ओरडत नाही.

भिलाईजवळच्या हथखोजच्या ज्या कारखान्यात मी अर्धं आयुष्य काढलं, तिथला सगळा कारभार आवाजावर चालायचा. तोलकाट्याची पावती चुकली की सेठजींच्या केबिनचं दार उघडायच्या आधी त्यांचा आवाज बाहेर यायचा. मी जायचे, मान खाली घालून ऐकायचे, मनातल्या मनात दोन शब्द त्यांनाही सुनावायचे आणि परत येऊन निळ्या स्क्रीनवर चूक शोधायचे. संध्याकाळी तेच सेठजी शिपायाच्या हाती गरम समोसा पाठवायचे. म्हणजे प्रकरण मिटलं. आपण चांगले की वाईट, नोकरी आहे की गेली, याचा निकाल रोजच्या रोज लागायचा आणि घरी येताना डोक्याला ताप नसायचा.

मी फॉक्सप्रोवाली. ही प्रोग्राम लिहायची एक जुनी भाषा. आता तिला कुणी विचारत नाही, आणि ती येणाऱ्यांना तर त्याहून नाही. पण एके काळी ट्रक काट्यावर चढला, वजन झालं, पावती निघाली, गेटपास बनला, हे सगळं माझ्या एकाच प्रोग्राममधून व्हायचं. तो एका खोलीत, एका मशीनवर राहायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वरून खाली चालायचा. मध्ये कुठं अडला तर मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवायचे, की इथं. मग सेठजींचा मुलगा बाहेरून शिकून आला आणि त्याने तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं. मला म्हणाला, "दीदी, आप परचेज़ में बैठ जाइए, फ़ाइलें देख लीजिए." माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवसापासून मी गेलेच नाही.

रागाच्या भरात सोडलेली नोकरी नंतर फार आठवते. पुढचं वर्षभर मी स्मृति नगरातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून, व्हिडिओ पाहून नव्या भाषा शिकले. शिकले म्हणजे काय, तर शिकवणारा जे टाइप करायचा ते मीही करायचे. त्याचं चालायचं. माझं कधी चालायचं, कधी नाही. आणि मग, नशीब म्हणा, पुण्याच्या एका लहानशा कंपनीला माझ्यासारखंच कुणीतरी हवं होतं. ती कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. तिला एक गिऱ्हाईक मिळालं होतं, ज्याचा माल अजूनही फॉक्सप्रोच्या पावत्यांवर बाहेर पडत होता. तो जुना प्रोग्राम वाचून तेच सगळं नव्यात लिहू शकेल असं माणूस त्यांना पाहिजे होतं. जुनं मला येत होतं. नवं येतं असं मी म्हणाले. घरून काम करायचं, सहा महिने ते मला पारखणार, पसंत पडले तर कायम. नाही पडले तर या वयात, या विषयात, भिलाईत मला दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं. हे मला माहीत होतं आणि बाबांनाही.

आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा तरुणपणी विदर्भातून इथं स्टील प्लांटात आले ते टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून, आणि तिथूनच रिटायर झाले. लोकांच्या हजेऱ्या लावण्यात त्यांची हयात गेली. ज्या नोकरीला गेट नाही, पास नाही, भोंगा नाही, ती त्यांच्या लेखी नोकरीच नव्हती. कंपनीचा लॅपटॉप कुरिअरने आला तेव्हा त्यांनी तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "एवढीशी मशीन? याच्यात का कंपनी बसते?" शेजारच्या काकांना तर माझ्यादेखत सांगायचे, "पोरगी घरातच बसून राहिली, अन् म्हणते ड्युटीवर आहो."

मी चिडायचे. पण खरं सांगायचं तर मलाही ते पटायचं.

रोज सकाळी स्क्रीनवर टीमची बैठक भरायची. आठ-दहा चौकोन, प्रत्येकात एक चेहरा. प्रत्येकाने सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय. पहिल्याच दिवशी एकजण हसत हसत म्हणाला, "मेरा तो कल से कुछ चल ही नहीं रहा. समझ में ही नहीं आ रहा." मी श्वास रोखून बसले. आता याची काही खैर नाही. तर टीमची मुख्य म्हणाली, "ठीक है, बाद में साथ में देखते हैं," आणि पुढच्याकडे वळली. बस, एवढंच. मला वाटलं, नंतर एकटं गाठून झाडत असतील.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "हो जाएगा."

आमच्या हथखोजला हे एकच उत्तर चालतं. सेठजींनी विचारलं, हो जाएगा. गिऱ्हाइकाने विचारलं, हो जाएगा. काम येत असो की नसो, आधी हो जाएगा म्हणायचं आणि मग मरमर करून ते करून दाखवायचं. अडलंय असं म्हणणं म्हणजे आपल्या पायांनी केबिनमध्ये जाऊन उभं राहणं. माझं उत्तर ऐकून टीमची मुख्य खूश दिसली. मग मी रोज तेच म्हणत गेले.

ही मुख्य म्हणजे पुण्याची एक मुलगी, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. पहिल्याच फोनवर तिने सांगितलं, "मॅडम वगैरे नको हं, आमच्याकडे सगळे नावानेच हाक मारतात." आणि ती मला नुसत्या नावाने हाक मारू लागली. पुढे तुम्ही-तुम्हाला सगळं आदराचं, पण नावाला ना ताई ना जी. भिलाईत भांडायला आलेलं माणूससुद्धा दीदी म्हणून भांडतं. मला दर वेळी वाटायचं, माझ्यामागे माझ्याच नावाची कुणी लहान पोरगी उभी आहे, हिने तिलाच बोलावलं. तिला नावाने हाक मारायला माझी जीभ कधी वळली नाही. म्हणून मी तिला काहीच म्हणायचे नाही. आणि ती बोलायची ते मराठी इतकं पुस्तकातलं, की तिच्यासमोर मी माझी वाक्यं आधी मनात धुऊन घ्यायचे. घरातलं 'मले' आणि 'तुले' चुकून बाहेर पडू नये म्हणून निम्मं लक्ष तिकडेच.

मी लिहिलेला प्रोग्राम ती वाचायची आणि बाजूला शेरा लिहायची, "छान झालंय. एक छोटीशी सूचना." त्या छोट्याशा सूचनेत माझं निम्मं काम उडालेलं असायचं. आता यातलं काय खरं धरायचं? छान झालंय ते, की उडालं ते? सेठजी सरळ म्हणायचे, "क्या कचरा बनाया है." वाईट वाटायचं, पण कळायचं तरी. हिचा शेरा मी चार-चारदा वाचायचे, त्यात राग कुठं लपवलाय ते शोधायचे, आणि सापडला नाही की जास्तच घाबरायचे.

कामाचं तर विचारूच नका. माझा जुना प्रोग्राम प्रश्न विचारायचा, वजन किती, आणि उत्तर येईपर्यंत गुपचूप उभा राहायचा. नवा तसा नाही. तो कुठल्यातरी लांबच्या मशीनला प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या कामाला लागतो. उत्तर येईल तेव्हा येईल. माझी पावती वजन यायच्या आधीच तयार व्हायची आणि वजनाच्या जागी कोरं. अबे, विचारलं ना, मग थांब ना बाप्पा! मी त्या स्क्रीनशी भांडायचे. त्याला थांबवायच्या युक्त्या होत्या. त्या मी इथून-तिथून उचलून लावायचे. एखादी लागू पडायची आणि पावतीवर वजन उमटायचं. पण ती का लागू पडली ते मला कळायचं नाही. न चालणाऱ्या प्रोग्रामची मला सवय होती. का चालतोय तेच माहीत नाही असा प्रोग्राम मी जन्मात पहिल्यांदा लिहीत होते, आणि त्याने माझी झोप उडाली होती.

आणखी एक पद्धत होती. ज्याचं त्याचं काम, जेवढं झालं असेल तेवढं, रोज संध्याकाळी टीमच्या सामायिक जागेत ठेवायचं, म्हणजे बाकीचे ते आपल्या कामाला जोडून बघतील. मी ठेवायचे नाही. अर्धीकच्ची भाजी पाहुण्यांपुढे कोण ठेवतं? माझं काम माझ्या लॅपटॉपवर असायचं, आणि पूर्ण झालं, चारदा तपासलं, की मगच मी ते बाहेर काढायचे. कारखान्यात माझी कामं मी अशीच केली होती आणि त्याबद्दल कुणी कधी नावं ठेवली नव्हती.

काही महिन्यांनी तिने मला एकटीला फोनवर घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही कधी काही विचारत नाही."

मी म्हणाले, "थँक्यू."

ती म्हणाली, "नाही म्हणजे, विचारलंत तर मला आवडेल." आणि दुसरंच काही बोलू लागली. हे कौतुक होतं की तक्रार, यावर मी दोन दिवस डोकं शिणवलं. शेवटी बाबांना विचारलं. त्यांनी पेपरातून मान वर न काढता निकाल दिला, "तारीफच होय ते. आमच्या टाइम ऑफिसात जो जास्त सवाल करे, तो साहेबाले आवडेच नाही." टाइम ऑफिसच्या निकालावर अपील नसतं. मी निश्चिंत झाले.

मग सप्टेंबर आला. आणि विश्वकर्मा पूजा.

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, हेच मला माहीत नव्हतं. त्या दिवशी भिलाईत कुणी मशीनला हात लावत नाही. हथखोजला तर एकूणएक शेड बंद. लेथ धुऊनपुसून, हार घालून, कुंकू लावून उभ्या असतात. ट्रकना फुगे. कामगारांची बायकापोरं नवे कपडे घालून कारखाना पाहायला येतात, पुरी-भाजी आणि बुंदी वाटली जाते, कुठंतरी मोठ्याने गाणी लागलेली असतात. माझ्या जुन्या कॉम्प्युटरलाही दरवर्षी झेंडूचा हार पडायचा, आणि त्या दिवशी तो सुरू करायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. या सुट्टीसाठी कुणी अर्ज करत नाही. ती सगळ्या गावावर एकदम येते.

आदल्या दिवशीच्या बैठकीत मुख्य म्हणाली, "परवा सकाळी गिऱ्हाइकाला नवी पावती दाखवायची आहे. तुमचा भाग तयार आहे ना?" तो खरंच जवळजवळ तयार होता. मी म्हणाले, "हो जाएगा." संध्याकाळपर्यंत झालाही. तपासायचा तेवढा राहिला होता. उद्या तर पूजा, तेव्हा परवा सकाळी लवकर उठून एकदा तपासू आणि सामायिक जागेत ठेवू, असा माझा सरळ विचार. उद्या पूजेच्या दिवशी पुण्यात लोक दिवसभर बसून माझा भाग आपल्या भागाला जोडणार आहेत, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. पूजेच्या दिवशी कुणी काम करेलच कसं?

सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर बाबांनी पाट मांडला होता. त्यावर त्यांचा जुना पाना, पक्कड, आईचं शिवणयंत्र झाकणासकट, मिक्सर. स्कूटर दाराशी धुऊन उभी. आणि पाटाच्या मधोमध माझा लॅपटॉप. त्यांनी तो मऊ फडक्याने पुसून लखलखीत केला होता. वर कुंकवाचं बोट, जास्वंदीचं फूल. ज्या मशीनला सहा महिने नावं ठेवली, तिच्यासमोर बाबा हात जोडून उभे होते. मला म्हणाले, "तुझ्या पोटापाण्याची मशीन आता हेच आहे ना? मग हिचा मान पयला."

मला भरून आलं. हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती थांबले होते, ते मलाच तेव्हा कळलं. मग ते म्हणाले, "फोन दे इकडे. तोही मशीनच होय." मी फोन बंद केला आणि आनंदाने त्यांच्या हातात दिला. एक अख्खा दिवस ना शेरा, ना सूचना, ना चौकोनातले चेहरे. आम्ही बुंदी खाल्ली, दुपारी मी गाढ झोपले. इतकी छान झोप मला त्या नोकरीत पहिल्यांदा लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू केला आणि तो माझ्या हातात थरथरतच राहिला. सगळं ठीक आहे ना? बरं नाही का? काही मदत हवी का? आमच्या टीममधली रायपूरची एकजण तर मला शोधायला स्कूटीवर निघाली होती. कंपनीकडचा पत्ता आधार कार्डावरचा, प्लांटाच्या सेक्टरातल्या आमच्या जुन्या क्वार्टरचा निघाला; तिथं आता दुसरेच लोक राहतात हे कळल्यावर बिचारी परत गेली. माझ्या भागावाचून काही जुळलं नव्हतं. गिऱ्हाइकाला दाखवायचं रद्द झालं होतं. आणि त्या ढीगभर निरोपांमध्ये एकही रागाचा नव्हता. मी खालपासून वरपर्यंत दोनदा पाहिले. एकही नाही.

मी बैठकीत सॉरी म्हणाले. सगळे म्हणाले, तुम्ही बऱ्या आहात हे महत्त्वाचं. पूजा होती, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून मला अचानक ते कारण फार खेडवळ वाटलं, आणि तसं वाटल्याची नंतर लाजही वाटली. दुपारी टीममध्ये एक लहानसा अहवाल फिरला, त्या दिवशी काय चुकलं याचा. त्यात लिहिलं होतं, "एक महत्त्वाचा भाग एकाच मशीनवर राहिला." कुणाच्या मशीनवर, ते नाही. माझं नावच नाही! कारखान्यात असते तर काट्यापासून गेटपर्यंत माझ्या नावाचा उद्धार झाला असता आणि दुसऱ्या दिवशी लोक विसरले असते. इथं नाव गाळलंय म्हणजे मला वाचवलंय, की माझं नाव आताच टीममधून काढून टाकलंय? मला काही म्हणता काही समजेना. पारखायची मुदत पुढच्याच आठवड्यात संपत होती.

बाबांनी विचारलं, "कावून तोंड पाडून बसली?"

मी फटकन म्हणाले, "तुमच्या पूजेपायी नोकरी जाऊन राहिली माझी."

ते उठून अंगणात गेले आणि धुतलेली स्कूटर पुन्हा पुसत बसले.

मुदत संपतानाचा फोन ठरला होता त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून टेबलाशी बसले. कानात घालायच्या त्या बोंड्यांनी माझे कान दुखतात, म्हणून मी आवाज नेहमी मोकळाच ठेवते. बाबा आतल्या खोलीत होते. मुख्य स्क्रीनवर आली, इकडचं-तिकडचं बोलली, आणि मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी नक्की काय झालं होतं, सांगाल?"

मी म्हणाले, "पूजा होती. विश्वकर्मा पूजा. मशीनला हात लावत नाहीत."

"ते दसऱ्याला ना?"

"तुमच्याकडे दसऱ्याला. इकडे आत्ता असते."

ती विचारात पडली. "मग सुट्टी का नाही मागितलीत?"

ही सुट्टी मागायची असते, हे मला कुठं माहीत! तेवढ्यात स्क्रीनवरच्या माझ्या चौकोनात माझ्यामागे काहीतरी हललं. बाबा. दाढी केलेली, प्लांटातल्या निरोपाच्या दिवशी घातलेला पांढरा शर्ट अंगात, गळ्याशी बटण लावलेलं. साहेबासमोर उभे राहावेत तसे सरळ उभे, हात जोडलेले.

"नमस्ते मॅडम. मी हिचा बाप. पोरीची चूक नाही. मशीन मी पाटावर ठेवली. फोनही मीच ठेवून घेतला. जे का सजा द्याची, ते मले द्या."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पन्नाशीला टेकलेली बाई मी, आणि माझा बाप माझ्यासाठी हात जोडतोय, तेही एका पोरीसमोर. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. पण पलीकडे ती मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

"काका, बसा ना तुम्ही," ती म्हणाली. "पूजेचं काहीच नाही हो. आदल्या दिवशी एक वाक्य सांगितलं असतं तर मीच म्हणाले असते, खुशाल करा. काम आमच्याकडे आलेलं असतं, बाकी काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगतलंच नाही?"

"नाही."

ते खुर्चीवर बसले नाहीत. तिथंच उभे राहून स्क्रीनकडे बघत बोलले, "ही नाही विचारत मॅडम. शाळेतही मास्तरले नाही विचारे. ताप आला तरी सांगे नाही, आपणच हात लावून पाहा लागे. मी सगळ्यायले सांगो, किती गुणाची पोरगी आहे, कोणाले तकलीफ देत नाही." मग माझ्याकडे वळले. "आम्हीच तशी वाढवली हो. तवा चांगलं वाटे."

मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की आधी काय करावं ते ठरेना. मग पलीकडच्या मुलीने आपला चष्मा काढला आणि म्हणाली, "मी पण तुम्हाला विचारायला घाबरते. तुम्ही माझ्या आईएवढ्या. रोज होईल म्हणता. पुन्हा विचारलं तर तुम्हाला अपमान वाटेल, म्हणून मी आपली 'छान आहे' लिहिते. ही माझी पहिलीच टीम आहे." चष्मा पुन्हा घातला. "आज मला तुम्हाला कायम करता येणार नाही. मी तसं लिहूच शकत नाही. पण मी तुम्हाला सोडतही नाहीये. मुदत वाढवून मागते. तुम्हाला चालेल?"

ही शिक्षा की उपकार? पुन्हा तेच. मी काही म्हणायच्या आधी ती म्हणाली, "पण मला एक खरं सांगा. तुमचं नक्की अडतं कुठं?"

बाबा मागून म्हणाले, "सांग ना तिले."

"बाबा, तुम्ही सरका. मले बोलू द्या," मी म्हणाले. आणि एकदा मले निघून गेल्यावर मग मी वाक्यं धुतलीच नाहीत. "तो प्रोग्राम सवाल विचारते अन् पुढे चालला जाते, ते मले समजत नाही. जवाब मग कोठून येते, कोणाजवळ येते, काहीच नाही समजत. मी इकडचं-तिकडचं लावते, ते चालते. कावून चालते, माहीत नाही. हात लावाले भेव वाटते मले."

बोलून झाल्यावर मी डोळे मिटून घेतले. आता तरी ओरडेल. निदान हसेल.

"कधीपासून समजत नाहीये?" तिने विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

ती हसली नाही. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाली, "बरं. मग पहिल्या दिवशी काय दिसलं होतं, तिथून सांगा."